शेरा: खेळू द्यावी

ती वही माझ्याकडे अजून आहे. निळ्या पुठ्ठ्याची, खाणीच्या स्टोअरमधून मिळालेली. तिच्यात मी कामाच्या नोंदी लिहायला हव्या होत्या. लिहिली आहे ती एका कॉम्प्युटर गेममधल्या लढणाऱ्यांची यादी.

माजरीच्या पट्ट्यातल्या एका उघड्या कोळसा खाणीत मी शॉटफायरर होतो. खडकात पाडलेल्या भोकांत सुरुंगाची दारू भरायची, तारा जोडायच्या, सगळे लांब गेले की लोखंडी शेल्टरमध्ये बसून मशीनची किल्ली फिरवायची. दुपारी दोनच्या सुमारास फायर व्हायचा. तेव्हा कॉलनीतल्या घरांच्या काचा थरथरायच्या आणि माझी मुलगी स्वयंपाकघरातल्या आईला ओरडून सांगायची, "बाबांचा झाला!"

दोन हजार एक-दोनच्या आसपास आम्ही नागपुरातून एक जुना कॉम्प्युटर आणला. मुलगी दहा वर्षांची होती. भद्रावतीला एक रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बापामागे मुलगा बसायला लागला तेव्हा रेडिओ कमी झाले आणि सीड्या वाढल्या. तिथून तिने मारामारीचा एक जपानी गेम आणला. मोठ्या डोळ्यांची, ताठ केसांची कार्टूनं एकमेकांसमोर उभी राहायची, किंचाळायची, आणि हातातून उजेडाचे गोळे सोडायची. गोळा लागला की सगळा पडदा पांढरा व्हायचा.

मला ते बघवत नसे. दारू फुटल्यावर दगड काय करतो हे मी पाहिलं होतं, म्हणून असेल. कॉलनीत तेव्हा बोललं जायचं की कार्टून पाहून कुठल्यातरी गावात एका पोराने गच्चीवरून उडी टाकली. खरं-खोटं कोणी पाहिलं नव्हतं, पण ते माझ्या डोक्यात बसलं.

मग त्या गेमची दुसरी सीडी आली. आधीचा गेम मशीनमध्ये असला तरच ती चालायची, आणि तिच्यात अकरा नवे लढणारे होते. मुलीने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. मी स्वतः दुकानात गेलो.

"भाईजान, यात रक्त किती दिसते?" मी विचारलं.

तो हसला. "भाऊ, तुमी तर रोज पहाड उडवता. कार्टूनला काऊन भेता?"

"पोरगी खेळते म्हणून विचारून राह्यलो."

"तर मंग घेऊन जा अन् खुद खेळून पाहा. मेरेको क्या मालूम, मी तर फक्त कॉपी मारतो."

त्याचं मी मनावर घेतलं. सकाळची पाळी सुटली की मुलीशेजारी बसायचो आणि वहीत लिहायचो. कामावरच्या रिपोर्टसारखे रकाने आखले होते. कोण. कशाने मारतो. रक्त दिसतं का. पडलेला पुन्हा उठतो का. शेवटी शेरा. नावं जपानी, ती आम्हाला वाचता येईनात, म्हणून मुलीनेच ठेवलेली लिहिली: शिंगवाला, एक डोळ्याचा, साखळीवाली. शिंगवाल्यापुढे मी लिहिलं, 'जवळ बसून खेळू द्यावा.' साखळीवालीपुढे, 'नको.'

बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणायची, "काऊन जी, पोरीच्या शाळेची वही कधी पाह्यली नाई अन् ह्या भुतायची जनगणना करून राह्यले."

पण वहीची बातमी पसरली. विहारात रविवारी दोन-तीन बाप माझ्याजवळ येऊन विचारायचे, "भाऊ, तो शिंगवाला चालते का आमच्याइथी?" मी गंभीरपणे सांगायचो. मला बरं वाटायचं. धोका ओळखणारा माणूस म्हणून मला मान मिळत होता, आणि तो मला पाहिजे होता.

अकरावी होती पांढऱ्या केसांची बाई. ती कोणाला मारायची नाही. समोरून गोळा आला की दोन्ही हातांची फुली चेहऱ्यासमोर धरून जागेवर उभी राहायची. हलली नाही तर तिला काहीच व्हायचं नाही. धूर निघून गेला की ती तशीच उभी, केससुद्धा विस्कटलेला नाही. समोरचा दमून हरायचा.

मी लिहिलं: 'मारत नाही. फक्त अडवते. रक्त नाही. शेरा: खेळू द्यावी.' अकरा जणांत तेवढ्या एकीपुढे मी ते शब्द ठाम हाताने लिहिले होते.

त्याच दुपारी मुलीने विचारलं, "बाबा, तुमच्या फायरमधी दगड उडतात न?"

"उडतात तर. हंड्याएवढे."

"मंग तुमाले लागत नाई?"

ती पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. कित्येक दिवसांनी. मी म्हणालो, "मले कुठी लागते? मी हलतच नाई जागेवरून."

शेल्टरचं सांगितलं नाही. डोक्यावरच्या जाड पत्र्याचं सांगितलं नाही. किल्ली फिरवताना मी डोळे मिटतो, दर वेळी, हेही नाही सांगितलं. फक्त एक गोष्ट खरी सांगितली, ती कामाचीच होती. फायरनंतर कोणी जागचं हलायचं नाही, मनातल्या मनात तीनशे मोजायचे. एखादं भोक फसलेलं असतं, ते मागाहून फुटू शकतं. पाच मिनिटं झाली की आधी शॉटफायररने जायचं, तो म्हणेल तेव्हा दुसऱ्यांनी.

"तीनशे," ती म्हणाली. तिला ते फार आवडलं.

चार-पाच दिवसांनी, मार्चच्या उन्हात, मी खाणीत नेहमीसारखा फायरच्या तयारीत होतो. चार रस्त्यांवर चार माणसं लाल झेंडे घेऊन उभी. भोंगा झाला. चारही झेंड्यांकडून इशारा आला. पूर्वेला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर होता. त्याच्यावरून रस्ता नव्हता, म्हणून तिकडे झेंडा नसायचा. पण किल्ली लावण्याआधी शॉटफायररने स्वतः चारही दिशांना नजर फिरवायची असते. डोंगराकडे मी त्या दिवशी पाहिलं नाही. तिकडे कोण असणार, असं रोज वाटायचं, आणि रोज वाटता वाटता ते पाहणं सुटलं होतं.

मी डोळे मिटले आणि किल्ली फिरवली.

जमीन उचलली गेली. डोळे उघडले तेव्हा शेल्टरच्या फटीतून धूळ वर चढताना दिसली, आणि तिच्यावर, मातीच्या डोंगराच्या काठावर, निळा स्कर्ट. शाळेचा. दोन्ही हातांची फुली चेहऱ्यासमोर धरलेली. मी तिला एवढंच पाहिलं. दगड अजून वरून येत होते. मग धूळ तिच्यावरून गेली.

माझ्याबरोबर शेल्टरमध्ये एक म्हातारा मदतनीस असायचा. त्यानेही पाहिलं होतं. "भाऊ," तो म्हणाला, "भाऊ, ते पोरगी..."

"पाच मिनिट," मी म्हणालो.

"तुमची पोरगी होय न जी ते?"

"काका, पाच मिनिट. नियम आहे."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलो नाही. नियम होता हे खरं आहे. फसलेलं भोक फुटलं तर धावत जाणारा मरतो हेही खरं आहे. पण मी त्यासाठी थांबलो नाही. डोंगर भोकांच्या दुसऱ्या अंगाला होता, कडेने जाऊन मागच्या बाभळींतून चढलो असतो तर भोकांजवळ पाय ठेवायची गरजच नव्हती. मला ते माहीत होतं. वर काय दिसेल, ते मला पाहायचं नव्हतं. पाहिलं नाही तोवर ती त्या काठावर उभीच होती. मी त्या लोखंडी पेटीत बसून राहिलो आणि नियम पांघरून घेतला.

शेवटी, पाच मिनिटं पुरी व्हायच्या आतच, काकाच उठला. त्याच्यामागून मी गेलो. बाभळींतून चढताना हाताला काटे लागत होते. मी एकदाही तिला हाक मारली नाही. उत्तर आलं नसतं तर?

ती उभी होती. डोक्यापासून चपलांपर्यंत राखाडी, फक्त पापण्या हलत होत्या. हात तसेच, फुलीत. तिच्या मागे दोन पावलांवर एक दगड मातीत रुतला होता, माझ्या दोन मुठींएवढा. मी त्याला हात लावला. कोमट होता.

"बाबा," ती म्हणाली, "मी हलली नाई. मले लागलं नाई."

मी तिच्या थोबाडीत मारली. मग तिला उचलून घेतलं.

काकाने खाली उतरताना विचारलं, "आता रिपोर्टात लिहान काय?" मग तोच म्हणाला, "मी काई पाह्यलं नाई, भाऊ. पण उद्यापासून वर एक झेंडा ठेवा." दुसऱ्या दिवसापासून डोंगरावर पाचवा माणूस उभा राहू लागला. रिपोर्टमध्ये मी कारण लिहिलं: गुरं येतात.

दोन्ही सीड्या मी मोडून टाकल्या. मुलीने हट्ट केला नाही, त्याचीच मला भीती वाटली. बायकोला सांगितलं की ती बाभळीत पडली. तिने काटे काढता काढता मुलीला विचारलं, "तिकडं मराले गेलती काय?" मुलगी म्हणाली, "बाबाले पाहाले."

त्यानंतर कित्येक महिने दोन वाजता किल्ली लावायला मला वेळ लागायचा. मी चारही दिशांना पाहायचो, पुन्हा पाहायचो, भोंगेवाला शिव्या घालेपर्यंत पाहायचो. आणि तिला खरं सांगायचं धाडस झालं नाही. ती रस्त्याच्या कडेला ट्रक येताना उगाच थबकली तरी मी तिचा हात धरून मागे ओढायचो. हिला अजून वाटतं का, की न हलणाऱ्याला लागत नाही?

सात वर्षांनी ती कॉलेजसाठी नागपूरला निघाली. सामान बांधताना कपाटात तिला ती वही सापडली. पलंगावर मांडी घालून मोठ्याने वाचत, हसत सुटली. "साखळीवाली: नको! बाबा, बिचारीनं काय केलतं तुमचं?" मग शेवटच्या पानावर आली. हसणं थांबलं नाही, पण हळू झालं.

"खेळू द्यावी," तिने वाचलं. "हिनंच वाचवलं न मले."

"नाई," मी म्हणालो.

मग सगळं सांगितलं. दगड कुठे पडायचा ते कोणाच्या हातात नसतं. मी डोंगराकडे पाहिलंच नव्हतं. माझ्या डोक्यावर पत्रा होता. आणि मी लगेच आलो नाही, ते भ्यालो म्हणून.

ती वहीच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवत राहिली. "मी मोजून राह्यली होती," ती म्हणाली. "तीनशे. तुमी सांगतलं होतं न. दोनशे ऐंशीच्या आसपास तुमी दिसले. मले वाटलं, बाबाबी तिकडं मोजूनच राह्यले असन. म्हणून मी भ्याली नाई."

स्वयंपाकघरातून बायकोने हाक मारली, बस चुकेल म्हणून. आम्ही दोघंही उठलो नाही.

"मी मोजत नव्हतो," एवढंच मला म्हणता आलं.