रव्याचं पथ्य आणि कुडपणचा प्रसाद

सुमनमावशीचा फोन आला तेव्हा आई मटार सोलत होती. मावशी म्हणजे डोंबिवलीत पंचवीस वर्षं आमच्या शेजारी राहिलेली. काका निवृत्त झाले तसे दोघं गावी, पोलादपूरच्या डोंगरात कुडपणला, राहायला गेले. जुन्या घराच्या जागी नवं घर बांधलं होतं आणि माघात सत्यनारायण करायचं ठरवलं होतं. "वहिनी, तुमी आल्याशिवाय पूजा नाय," मावशीनं आईला बजावलं.

आईनं लगेच होकार दिला, त्याचं मला आश्चर्य वाटलं. दीड वर्षापूर्वी तिला सीलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार असल्याचं कळलं आणि गहू कायमचा सुटला. पोळी, पाव, शेवया आणि रवाही. तेव्हापासून ती कुठल्याच कार्याला जात नव्हती. लोकांना समजावत बसण्यापेक्षा घरी बसलेलं बरं, असं तिचं म्हणणं. "मावशीला सांगूया का आधी?" मी विचारलं, तर म्हणाली, "तिच्या घरचं कार्य. त्यात माझं पथ्य कशाला?"

शुक्रवारी पहाटे साडेपाचला निघालो, मी गाडी चालवत आणि आई शेजारी. पेण, कोलाड, माणगाव करत महाडला पोचायला साडेचार तास लागले. महामार्ग आता बराच चांगला झालाय, पण मधेमधे वळणरस्ते अचानक समोर येतात, तेव्हा घाई करू नका. महाडला बाजारपेठेतल्या एका छोट्या हॉटेलात नाश्ता केला. मी उपमा मागवला. आईनं पोहे घेतले आणि मालकाला विचारलं, "यात हिंग घातलाय का?" बाजारच्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, हे आम्हाला आजारपणानंच शिकवलं. तो म्हणाला, "नाही ताई, मोहरी-मिरची फक्त." दोघींचा चहा-नाश्ता दीडशेच्या आत झाला.

उपमा छान मोकळा होता, पण त्यात नावाला चार मटारचे दाणे. माझी साखर काठावर आहे, म्हणून हे खटकतं. रवा पचायला हलका, पटकन पोट भरतो, आजारातून उठलेल्याला चांगला. पण तो कोंडा काढलेला गहूच. चोथा कमी, साखर भराभर वाढते. आहारतज्ज्ञ बाईंनी मला रवा बंद नाही केला, फक्त जेवढा रवा तेवढ्याच भाज्या घाल आणि एकाच वाटीवर थांब, असं सांगितलं. आई माझ्या बशीकडे बघत होती. "वास चांगला आलाय," एवढंच म्हणाली.

पोलादपूरला पेट्रोल भरून घ्या, पुढे सोय नाही. आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यानं थोडं गेल्यावर महाबळेश्वरची वाट सोडायची आणि डोंगर चढायला लागायचं. रस्ता अरुंद, प्रत्येक वळणावर हॉर्न. एका बाजूला गवतानं पिवळे झालेले उतार, दुसरीकडे खोल दरी. पठारावर आल्यावर मात्र एकदम मोकळं वाटतं. भात काढून झालेली खाचरं, पेंढ्यांच्या रचलेल्या उडव्या, आणि पलीकडे लोक ज्याला भीमाची काठी म्हणतात तो सुळका. फोनचं नेटवर्क येतं-जातं. आम्ही गाडी थांबवून दहा मिनिटं नुसत्या उभ्या राहिलो.

मावशी अंगणात वाटच बघत होती. तिच्या शेजारी तिची जाऊ, ठकूकाकी. ती कधी गाव सोडून गेली नाही, भाताची आणि नाचणीची शेती अजून स्वतः बघते. संध्याकाळी तिनंच जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुक्या मिरचीचा ठेचा. मी हळूच हिंगाचं विचारलं. "हिंग कुठला गो, लसूण हाय ना," ती म्हणाली. आई पोटभर जेवली. जिथे रोजचं जेवण तांदळाचं, तिथे पथ्य लपवणं अगदीच सोपं होतं. मला वाटलं, निभावलं.

शनिवारी सकाळी मावशी आईला चुलीपाशी घेऊन गेली. पितळी पातेलं, तुपाचा डबा आणि सव्वापाच किलो जाड रवा. "प्रसाद तुमच्याच हातचा," ती म्हणाली. "चाळीत तुमी करायच्या ना, तसाच." आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पदर खोचला आणि बसली. रव्याला हात लावल्यानं तिला काही होत नाही, पोटात जाता कामा नये.

आईचा शिरा मी लहानपणापासून खात आलेय, पण तिला शिकवताना पहिल्यांदा पाहिलं. भोवती चार-पाच बायका जमल्या होत्या. "जाळ वाढवू नका," ती सांगत होती. "रवा वरून लाल आणि आतून कच्चा राहतो. उलथनं हलकं चालायला लागलं की समजायचं भाजला." दूध-पाणी दुसऱ्या चुलीवर उकळत होतं. ते गारढोण घातलं तर गुठळ्या होतात. "साखर आधी घालायची नाही. रवा फुगून शिजला, वाफ आली, की मगच. नाहीतर दाणा कचवट लागतो." शेवटी केळ्याचे काप. एकीनं विचारलं, "गोड किती झालंय, चाखून बघा ना." आई म्हणाली, "नैवेद्याच्या आधी चाखत नाहीत." उत्तर बरोबर होतं आणि त्याआड तिला लपताही आलं.

पूजा झाली, आरती झाली. मुंबई-पुण्याहून आलेली माणसं, गावची माणसं, घर भरून गेलं होतं. मावशी स्वतः प्रसाद वाटत आली. देवळात असा प्रसाद मिळाला की आई काय करायची ते मला माहीत होतं. रुमालात घ्यायची, कपाळाला लावायची आणि घरी येऊन मला द्यायची. पण मावशीनं द्रोण न देता तिच्या तळहातावरच शिऱ्याचा गोळा ठेवला आणि समोरून हलली नाही. "खा ना वहिनी. सगळी विचारतात, कुणी केला."

आईनं हात तोंडाकडे नेला. यातून सुटायला तिला वाट उरली नव्हती, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मागच्या वर्षी चुकून अर्धी करंजी पोटात गेली होती, तेव्हा तिचे आठ दिवस कसे गेले ते मी पाहिलं होतं.

"आई, नको," मी म्हणाले.

जरा मोठ्यानंच निघालं. आजूबाजूची माणसं वळून बघू लागली. मग मला सांगावंच लागलं, गहू का चालत नाही, थोडासाही का नाही, प्रसादाचा असला तरी. आई खाली मान घालून ऐकत होती. तो गोळा तिच्या हातावर तसाच.

मावशीचा चेहरा पडला. "दीड वर्स झालं," ती म्हणाली. "आणि मला एक फोन नाय केलात. मी तुमाला चुलीवर बसवलं, वहिनी."

"तुझ्या आनंदात खडा कशाला, म्हणून," आई म्हणाली.

"मग आता काय झालं?"

मावशीनं तो गोळा आईच्या हातावरून स्वतःच्या हातात घेतला. तेवढ्यात ठकूकाकी माझ्या जवळ आली. "तांदूळ चालतो ना यांना?" तिनं विचारलं. चालतो म्हटल्यावर ती सरळ तिच्या घरी गेली आणि पत्र्याचा डबा घेऊन आली. धुऊन, सावलीत वाळवून जात्यावर भरडलेला तांदळाचा रवा. तांदळाच्या गोड खांडवीसाठी ती करून ठेवते. मी जरा संकोचानंच विचारलं, जात्यावर गहू दळतात का? तिला राग आला नाही. "गहू चक्कीवर जातो पोलादपुराला. माझ्या जात्याला नुसता तांदूळ माहीत." मग आईच म्हणाली, पातेलं आणि उलथनं वेगळं लागेल. रव्याच्या उलथन्याला लागलेलंही चालत नाही. काकीनं स्वतःच्या घरचं पातेलं राखेनं घासून आणलं.

या वेळी चुलीपाशी काकी बसली आणि आई शेजारी. तांदळाचा रवा जास्त भाजायचा नाही, नुसता तुपात परतायचा. पाणी मात्र तिप्पट. "हा पितो लय," काकी म्हणाली. मावशी थोड्या वेळानं आली आणि केळं सोलू लागली. शिरा झाल्यावर तिनं वाटीभर देवापुढे ठेवला, तुळशीचं पान ठेवलं आणि ती वाटी आईच्या हातात दिली.

पूजा सांगायला आलेले गुरुजी पाटावर चहा पीत होते. ते म्हणाले, "घ्या, ताई. देवाला दाखवलं की प्रसाद झाला."

आईनं खाल्ला. सगळा. मग वाटी चाटूनपुसून मावशीकडे दिली आणि म्हणाली, "साखर अंमळ कमी आहे." मावशी हसायला लागली आणि तिच्याबरोबर बाकीच्याही. मीही त्यातला थोडा खाल्ला. गव्हाच्या शिऱ्यासारखा तो दाणेदार होत नाही. मऊ, जरा चिकट, तांदळाच्या खिरीची आठवण करून देणारा. एक स्पष्ट सांगते, साखरेच्या दृष्टीनं तो माझ्यासाठी गव्हाच्या रव्यापेक्षा बरा नाही. त्याचा उपयोग ज्यांना गहू चालत नाही त्यांना.

संध्याकाळी त्या तिघी पठाराच्या कडेपर्यंत फिरून आल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही. मी पाठीमागे भांडी आवरत होते.

रविवारी परत येताना आई महाडपर्यंत झोपली होती. जागी झाल्यावर म्हणाली, "तू मोठ्यानं बोललीस ते मला आवडलं नव्हतं." मी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली. दोन घोट पिऊन तीच म्हणाली, "पण मी खाल्लाच असता."

कुडपणला जायचं असेल तर थंडीत जा, स्वेटर न्या, आणि राहण्याची सोय आधी विचारून ठेवा. सुळका, धबधब्याची कडा, पठार, सगळं पायी बघता येतं. बरोबर पथ्याचं माणूस असेल तर यजमानांना आदल्या आठवड्यात फोन करा. हे मी आईकडे बघून लिहितेय.

घरी आल्यावर बुधवारी मी काकीनं बरोबर दिलेला तांदळाचा रवा काढून शिरा करायला घेतला. पाणी कमी पडलं, खाली लागला. आई स्वयंपाकघराच्या दारात फोनवर बोलत होती. पलीकडे तिची मोठी बहीण, तिच्याकडे पुढच्या आठवड्यात नातवाचं बारसं. "येते की," आई सांगत होती. "पण ऐक, मला गहू चालत नाही. रवा नाही, मैदा नाही. लिहून घे, विसरशील." मग फोन कानाला तसाच ठेवून तिनं माझ्या पातेल्यात डोकावून पाहिलं आणि गॅस बारीक केला.