सरणाची लाकडं

वडिलांनी स्वतःच्या सरणाची लाकडं आधीच रचून ठेवली होती. आमच्याकडच्या जुन्या माणसांना यात वावगं वाटत नाही. ऐन पावसाळ्यात गेलो तर ओल्या लाकडांपायी लोकांचे हाल नकोत, एवढाच विचार.

विहिरीवरचा रायवळ आंबा उभ्या उभ्या वाळला, तेव्हा तो तोडून वडिलांनी ओंडके गोठ्यामागे रचले. वर पत्रा टाकला. "आता मी कवाबी मोकळा," म्हणाले.

पुढे माझ्या हापूसच्या बागेत झाडं माना टाकायला लागली. खोडाला मोहरीएवढी भोकं, खाली पिठासारखा भुसा. मी औषधं फवारली, खोडांना लेप दिले, दुकानदाराला शिव्या घातल्या. चाकणची नोकरी सोडून लावलेली बाग. ती गेली तर पुन्हा कंपनीच्या गेटावर उभं राहायचं होतं.

शेवटी कृषी सहायकाला बोलावलं. बाग बघून तो थेट गोठ्यामागे गेला आणि एका ओंडक्याची साल उचकटली. आत बारीक काळे भुंगेरे वळवळत होते.

"इथूनच उडून बागेत जात्यात. सगळं जाळा, आजच."

म्हणजे मी बागेत फवारत होतो आणि किडीचं माहेर आमच्या घरामागे! संताप संताप झाला. पण हे वडिलांना सांगणार कोण?

जेवताना सांगितलं. आईनं ताट बाजूला सारलं. "जित्या माणसाचं सरण पेटवतो व्हय रं? लई शाना झालास!"

"दुसरी आणतो ना, बाभळीची."

वडिलांनी भाकरी संपवली, हात धुतला. "बाग जाईल का?"

"जाईल."

"मग चल."

ओंडके ओढत पडीक रानात नेले. रचता रचता ढीग आपोआप माणसाएवढा लांब व्हायला लागला. ते ध्यानात आलं तसा मी चिडून ओंडके आडवेतिडवे फेकले. वर पाचट टाकलं, रॉकेल ओतलं. काडी मात्र माझ्याच्यानं ओढवेना. शेजारी धडधाकट बाप उभा, आणि माझ्या हातात काडेपेटी. मला रडू यायला लागलं.

त्यांनी काडेपेटी काढून घेतली. "तू नगं. तुझी पाळी यायचीय अजून." आणि वाकून स्वतःच पेटवलं.

जाळ चढला तसे आम्ही मागे सरलो. "झालं," ते म्हणाले, "आता दुसरी वाळंस्तवर मला जायची सोय न्हाई." मी रडता रडता हसलो.

निम्मीअधिक बाग तगली. बांधावरच्या बाभळी अजून उभ्याच आहेत. वडील अधूनमधून आठवण करून देतात. तोडायला माणूस मिळत नाही, असं मी सांगतो. माणसं रोज दारावरून जातात, हे त्यांनाही दिसतं.