दुसऱ्या मजल्यावरचा एसपी

प्लंबिंग कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात माझं काम एवढंच: बिल्डिंगचे नकाशे वाचायचे आणि लागणारं सामान काढून द्यायचं. नकाशावर पूर्ण शब्द लिहायला कुणाला वेळ नसतो. डब्ल्यूसी म्हणजे संडास, डब्ल्यूबी म्हणजे बेसिन, एनटी म्हणजे नहाणी ट्रॅप, फरशीतलं सांडपाण्याचं जाळीचं तोंड, आणि कोपऱ्यातल्या छोट्या गोलाशेजारी एसपी, म्हणजे मैल्याचा पाइप. सुरुवातीला डोकं भणभणायचं. आता हॉटेलात गेले तरी आधी पाइप कुठून उतरलाय ते बघते.

काशीगावातल्या एका गाळ्यांच्या बिल्डिंगचा सुधारलेला नकाशा आला, तेव्हा दुसऱ्या मजल्यावर मी अडखळले. कोपऱ्यात एसपी होता, पण त्याला एकही डब्ल्यूसी जोडलेला नव्हता. आधीच्या नकाशात तिथे लेडीज टॉयलेट होतं. आता लिहिलं होतं, स्टोअर. पाइप वरच्या मजल्यावरून येऊन मुकाट खाली जात होता.

माझं टाळकंच सटकलं. कारण आई.

आम्ही पेणकरपाड्यात राहतो. मी शाळेत होते तेव्हापासून आई भाईंदरच्या एका गाळ्यात खोट्या बांगड्यांना खडे चिकटवायची. तिथे बायकांसाठी संडास नव्हता. म्हणून सगळ्याजणींची एक रीतच पडली होती: सकाळी अर्धा कप चहा, आणि दुपारी जेवण झालं की चूळ भरून थुंकून टाकायची, गिळायची नाही. आईला बारा महिने उन्हाळी लागलेली, लघवीला जळजळ. घरी आली की पर्स दारातच टाकून आत धावायची.

मी ऑफिसातूनच बिल्डरला फोन लावला.

"मॅडम, सेकंड फ्लोअर पे लेडीज होंगी कितनी? ऊपर चली जायेंगी," तो म्हणाला.

वरचा मजला एका कंपनीने अख्खा घेतला होता. ते दार या बायकांना कोण उघडणार, डोंबल!

"मग तुमच्या घरच्या बायकांना बसवा तिथे दिवसभर," मी मराठीतच सुनावलं. आमचे साहेब समोरून हातवारे करत होते, गप्प बस, काम जाईल. खरं सांगते, मला रडू येत होतं, आणि रडू आलं की माझा आवाज चढतो. शेवटी साहेबांनीच फोन घेतला. पाइप तिथेच आहे, खर्च फार नाही, असं गोडीत समजावलं. काही दिवसांनी नवा नकाशा आला. एसपीच्या शेजारी डब्ल्यूसी, डब्ल्यूबी, एनटी. मी ती अक्षरं बोट फिरवत वाचली.

बिल्डिंगचं काम संपल्यावर आईला दाखवायला घेऊन गेले. तिने आतून कडी लावून बघितली, नळ सोडून बघितला. "बरंय गं," म्हणाली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने दोन घोट घेतले आणि झाकण लावलं.

"अगं आई, पी की! संडास आहे ना इथे!"

"असू दे. घरी जाऊन पिते."

मी तिच्या हातातून बाटली घेतली आणि तिथेच, तिच्यासमोर उभी राहून, सगळं पाणी घटाघटा प्यायले.