सासूबाईंचा घोडेस्वार

समोरच्याची चूक दिसली आणि गप्प बसले, असं माझ्या साडूंच्या हातून जन्मात घडलेलं नव्हतं. इकडे परदेशात, फेल्डहोवनला, चिप बनवणाऱ्या यंत्रांचे आरसे तपासण्यात त्यांचा दिवस जातो. संध्याकाळी घरी आले की उरलेलं जग तपासतात. "गिन्नी वेगळी, सॉव्हरिन वेगळं. आपल्याकडे सगळे अडाण्यासारखे सरसकट गिन्नी म्हणतात," हे त्यांनी मला माझ्या मुलीच्या बारशात सुनावलं, बायका पाळणा म्हणत असताना.

सॉव्हरिन हे त्यांचं वेड. इंग्रजांचं जुनं सोन्याचं नाणं. एका बाजूला राजा नाहीतर राणी, दुसऱ्या बाजूला घोड्यावरून ड्रॅगनला मारणारा त्यांचा संत जॉर्ज. घोड्याच्या पायाखाली कधीकधी एक बारीक अक्षर असतं, टांकसाळीची खूण. मुंबईच्या टांकसाळीचं 'आय'. तिथे ही नाणी एकच वर्ष पडली, म्हणून त्या अक्षरासाठी साडू दर नाणेबाजारात भिंग घेऊन वाकलेले. नाणं कडेला धरायचं, बोट लावायचं नाही आणि घासायचं तर मुळीच नाही. घासलेलं नाणं शौकिनांच्या लेखी नुसतं सोनं. "मला इतक्या हळुवार कधी धरलं नाही," असं माझी मेहुणी चारचौघांत म्हणते.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या सासूबाई पुण्याहून त्यांच्याकडे राहायला आल्या, स्टीलच्या डब्यात देव घेऊन. चंपाषष्ठीला आम्ही बुइटनव्हेल्डर्टच्या आमच्या घरून त्यांच्याकडे जेवायला गेलो. भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला. पानं वाढली होती, तेवढ्यात साडूंची नजर देवांकडे गेली. त्यांनी भिंग आणलं. सासूबाईंच्या सासूने ओटीत घातलेला खंडोबाचा सोन्याचा टाक, भंडाऱ्याने पिवळा झालेला, साठ वर्षं चिंचेने घासलेला. मागच्या बाजूचा राजा कायम पाटाकडे, त्याच्याकडे कोण बघतो?

"आई, हा खंडोबा नाही. इंग्रजांचा संत आहे. आणि घासून घासून तुम्ही त्याची वाट लावलीत. अक्षर असलंच तर गेलं."

सासूबाईंनी तो घोडेस्वार तळहातावर घेतला. मग विचारलं, "मग ह्यांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्रभर मी कुणापुढे बसले होते?"

त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली मला. आणि मी काय केलं? रोडगा मोडत बसलो. सासूबाईंनी नाणं पदराने पुसून साडूंच्या पानापाशी ठेवलं. "घ्या जावईबापू, तुमच्या कामाचं आहे." बाकीचे देव घेऊन त्या महिनाभर आधीच परत गेल्या.

पुढे एकदा माझ्यादेखत साडूंनी त्यांना स्पीकरवर फोन लावला. कानाच्या पाळ्या लाल. "आई, मी परत नीट बघितलं. माझीच चूक झाली. खंडोबाच आहे तो. पाठवून देऊ?"

"जावईबापू," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हीसुद्धा माझ्यासाठी खोटं बोलायला लागलात. म्हणजे मी फारच म्हातारी झाले." आणि जेवलात का विचारून त्यांनी फोन ठेवला.

साडूंनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "तुम्ही सांगून बघता का? तुमचं ऐकतील त्या. तुम्ही कधी कुणाला दुखावलेलं नाही."

मी हो म्हटलं. त्याला चार महिने झाले. दर रविवारी सासूबाईंशी माझं बोलणं होतं. इथे थंडी किती आहे ते मी त्यांना सांगतो.