पाठ करून उभी राहिलेली माणसं

घोड्याच्या माणसांचे किस्से लिदीसारखे असतात. सकाळी सगळं झाडून काढावं आणि संध्याकाळी बघावं तर पुन्हा ढीग! आमच्या मुर्ध्याच्या मैदानावरची माणसं तर अशी नमुनेदार, की एकाचं सांगायला घेतलं की मागून आणखी चार किस्से शेपटी हलवत येतात. सगळे काही सांगत नाही. जे अजून ताजे आहेत तेवढेच सांगते.

आधी मैनेचं. मैना म्हणजे आमच्या टांग्याची घोडी. भाईंदर स्टेशनपासून मुर्धा, राईपर्यंत आमचे हे टांगा चालवायचे. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि त्याच साली हेही गेले. टांगा भंगारवाल्यानं नेला. घोडी राहिली. तिला विकत घ्यायला माणसं आली की मी आतून कडी लावून बसायचे.

आता धंदा बंद झाला हे मैनेला कोण सांगणार? उजाडलं की ती दोर सोडवून आपली आपण स्टेशनवर जायची. एके दिवशी एक रिक्षावाला घरी भांडायला आला.

"ओ मावशी, तुमची घोडी आमच्या लायनीत घुसली!"

मी धावत गेले. बघते तर मैना सगळ्या रिक्षांच्या मागं गपगुमान उभी. पुढची रिक्षा सरकली की हीपण दोन पावलं पुढं.

"घुसली कुठं? नंबरात उभी आहे की!"

"तेच तर बोलतोय ना! अजून दोन रिक्षा गेल्या की तिचा नंबर येतोय. मग पॅसेंजरला काय सांगू?"

*

म्हात्रेदादा म्हणाले, "मावशे, तिला माझ्या आगरावर आन. तिथं कोन नंबर इचारत न्हाय."

म्हात्रेदादा मुर्ध्याचे. त्यांचं मिठागर कधीच बंद पडलेलं. तेच आमचं मैदान. तिथं खुरटं गवत आणि त्यांची एक म्हैस. तिथंच यासीनभाई आपला पांढरा घोडा ठेवायचे. त्याचं नाव बादशहा, काम नवरदेवाला मिरवणं. दोन घोडे झाले, तसे रविवारी बघायला येणारेही झाले. एक जेसल पार्कचे जयंतीभाई, बनियनचे व्यापारी. घोड्यावर बसायची भारी हौस, पण स्वतःच्या पोटाकडं बघून घोड्याची दया यायची, म्हणून कधी बसले नाहीत.

आणि दुसरे मिरा रोडचे कांबळे. मूळचे परभणीकडचे, इथं सरकारी ऑफिसात नोकरी. त्यांच्या गावात एकच घोडा होता, पाटलांचा. कांबळ्यांच्या आळीतल्या पोरांनी त्याला हात लावायचा नाही, अशी तिथली रीत.

मी एकदा विचारलं, "आता बसायचंय का मग घोड्यावर?"

"नाही हो मावशी, बसायचं नाही. एकदा घोड्यानं आपणहून माझ्याजवळ यावं. बस्स, एवढंच!"

एवढंच!

*

मग आली ती कॅसेट. जयंतीभाईंच्या मेव्हण्यानं परदेशातून पाठवलेली. चाबूक नाही, लगाम नाही, दोर नाही, नुसत्या समजुतीनं घोडा कसा वागवायचा, त्याची. आम्ही सगळे जेसल पार्कला व्हीसीआरसमोर बसलो. टोपीवाला गोरा माणूस घडाघडा इंग्रजी बोलत होता. इंग्रजी फक्त कांबळ्यांना येत होतं.

"काय म्हणतो?" यासीनभाईंनी विचारलं.

"म्हणतोय, घाई करू नका."

तो माणूस आणखी पाच मिनिटं बोलला.

"आता?"

"आताही तेच म्हणतोय."

मग तो टोपीवाला मैदानात गेला, घोड्याकडं पाठ केली आणि खांबासारखा उभा राहिला. बोलणं नाही, मान वळवणं नाही. लांबचा घोडा कान टवकारून एकेक पाऊल टाकत त्याच्या मागं यायला लागला. आम्ही श्वास रोखून बसलो. घोडा अगदी जवळ आला, आता नाक टेकवणार, आणि एकदम सनई! स्टेजवर नवरी!

जयंतीभाई ओरडले, "अरे बापा! हे कोणी केला?"

त्यांच्या सूनबाई आतून म्हणाल्या, "पप्पा, माझ्या बहिणीच्या लग्नाला कॅसेट कमी पडली होती."

त्यामुळं आम्हाला जे येतं ते अर्धंच. पाठ करून उभं राहायचं, बोलायचं नाही, मान वळवायची नाही, हे आलं. पुढं काय करायचं, किती वेळ उभं राहायचं, घोडा आलाच नाही तर काय, हे सगळं त्या नवरीच्या खाली गेलं.

*

तरी चमत्कार सांगते, जमलं! मैनेच्या गळ्यातला दोर मी स्वतः काढून फेकला. मी पाठ केली की ती यायची आणि माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवायची. यासीनभाईंकडं यायची. जयंतीभाईंकडं यायची, त्यांच्या पाठीला अंग घासायची. आमच्या ह्यांच्या चाबकाची काठी म्हात्रेदादांच्या आईनं दुधी भोपळ्याच्या वेलाला लावली.

रविवारी सकाळी आम्ही सगळे मैदानात पांगून, चहूकडं तोंडं करून उभे. दादांच्या आई, म्हणजे आजी, पदराखाली हसायच्या, "कोनावं रुसलीत रे ही मानसं?"

एकदा रस्त्यावरून हवालदार चालला होता. त्याला लांबून दिसलं ते असं, की चार पुरुष पाठ करून गवतात उभे! तो काठी आपटत आला.

"ए! लाज नाही वाटत? घरी संडास नाहीत का?"

नियम म्हणजे नियम. कोणी बोलेना. तो कांबळ्यांच्या समोर येऊन उभा राहिला, तेव्हा कांबळे हळूच म्हणाले, "साहेब, आम्ही घोडीची वाट बघतोय."

"घोडी तर तुमच्या मागं आहे!"

"म्हणून तर इकडं तोंड केलंय."

हवालदारानं आधी घोडीकडं, मग सगळ्यांच्या पाठींकडं बघितलं. मग काठी काखेत घालून निघून गेला. मागं वळून मात्र दोनदा बघितलं त्यानं!

*

मैना सगळ्यांकडं आली, एका कांबळ्यांना सोडून. का, ते देवाला ठाऊक. माणूस गरीब, हात मऊ, आवाज मऊ. तरी ते उभे राहिले की ही लांब जाऊन चरायची. त्यांनी साबण बदलला, काही नाही. आमच्या ह्यांचा जुना सदरा घालून उभे राहिले, तर तिनं सदऱ्याचा वास घेतला आणि परत गेली! खिशात गूळ ठेवला, तर चरायला आलेल्या कुणाच्या तरी बकरीनं गूळ खाल्ला, खिसाही खाल्ला.

दर रविवारी जयंतीभाई लांबून ओरडायचे, "कांबळे, आली का?"

कांबळे तिकडं तोंड करूनच हात हलवायचे. नाही आली.

एका रविवारी धुकं होतं. कांबळे डोळे मिटून उभे. मागून पावलं वाजली. जड, सावकाश. मग गरम श्वास त्यांच्या मानेवर आला. आम्ही सगळे बघत होतो. कांबळ्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं. मागून जीभ आली, त्यांचा शर्ट चाटायला लागली. कांबळे पुटपुटले, "आलीस बाई, आलीस…"

आम्ही एकमेकांकडं बघितलं. बोलायचं कोणी? नियम होता. आणि नियम नसता तरी त्या तोंडाकडं बघून कोणाचा धीर झाला असता!

शेवटी म्हात्रेदादाच कळवळून म्हणाले, "कांबलेसाहेब, माझी म्हैस हाय वो ती."

*

यासीनभाई नुसते शिकून थांबले नाहीत. बेव्हर्ली पार्कला वरात होती. गल्लीच्या तोंडाशी जनरेटर धडधडत होता. बादशहा थांबला तो थांबलाच. नवरदेव वर, खाली बँड, मागं सगळी वरात. कोणी म्हणालं, हाणा दोन. यासीनभाई आडवे आले.

"मारने का नहीं! बँड बंद. सब लोग घोडे की तरफ पीठ करो. बात नहीं करने का!"

मुहूर्त टळत चाललेला. अडला नारायण, काय करतो? वराकडच्या सगळ्यांनी पाठ फिरवली. बँडवाल्यांनी पण, ढोलासकट.

तेवढ्यात मुलीचे वडील हार घेऊन सामोरे आले. बघतात तर वरात गप्प, आणि सगळे पाठ फिरवून उभे! त्यांच्या हातातला हार खाली पडला. मुलाच्या काकांच्या मागं जाऊन ते रडवेल्या आवाजात म्हणाले, "पाहुणे, आमचं काय चुकलं? मानपानात काय कमी पडलं?"

काकांनी मान वळवली नाही. पण संधीही सोडली नाही.

"स्कूटरचं बोलणं झालं होतं," म्हणाले.

वरून नवरदेव ओरडला, "काका, गप बसा! घोडा चालायला लागला!"

*

पुढच्या पावसाळ्यानंतर यासीनभाईंच्या छातीत पाणी झालं. आम्ही सगळे हॉस्पिटलात भेटायला गेलो. आम्हाला बघितलं आणि त्यांनी हळूहळू कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं, आमच्याकडं पाठ.

नर्स म्हणाली, "आज सकाळपासून मूड नाही त्यांचा. तुम्ही उद्या या."

जयंतीभाईंचा चेहरा पडला. "रुसले काय आपल्यावर?"

"नाही हो," कांबळे म्हणाले. "बोलवतायत."

मग आम्ही न बोलता जवळ गेलो. कांबळे सगळ्यांत पुढं होते. त्यांनी यासीनभाईंच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. यासीनभाईंचं अंग हसण्यानं हलायला लागलं, मग खोकला आला. नर्सनं सगळ्यांना बाहेर काढलं.

दुसऱ्या आठवड्यात ते गेले. त्यांच्या मुलांनी बादशहा नाशिककडच्या एका लग्नाच्या घोडेवाल्याला दिला. रविवारी मैदानात आम्ही उभे राहिलो, तेव्हा त्यांची जागा मोकळी ठेवली. मैना त्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली आणि बराच वेळ तिथून हलली नाही. जयंतीभाईंनी त्या दिवशी कांबळ्यांना काही विचारलं नाही.

*

मग मैदानच गेलं. म्हात्रेदादांच्या भावांनी बिल्डरशी बोलणं केलं. दादा सांगायला आले ते तोंड खाली घालून.

"मावशे, भाव आयकत न्हाय माझं. येत्या रविवारपासून मातीचे ट्रक येतील."

"तुमचा काय दोष दादा? मीठ पिकत नाही, तिथं घरं पिकणारच."

डहाणूकडं जयंतीभाईंच्या साडूची चिकूची वाडी होती. मोकळी जागा, पाणी, चाबूक उचलणारं कोणी नाही. मैनेला तिकडं पाठवायचं ठरलं. शनिवारी टेम्पो आला. मागं फळी लावली.

आणि मैना चढेना.

मी फळीजवळ पाठ करून उभी राहिले. आली. हनुवटी ठेवली. मी फळीवर पाऊल टाकलं, तशी मागं सरली. म्हात्रेदादांनी करून बघितलं, तेच. जयंतीभाई फळीवर चढले तर फळीच वाकली. टेम्पोवाला म्हणाला, "धूप में कितना रुकूँ? रस्सी लाओ, पाय बांधू, चार माणसं खेचू. दोन मिनिटांचं काम!"

त्यानं सीटखालून दोर काढलाही. तो दोर बघून मैनेचे कान मागं गेले. मी काढून फेकल्यापासून तिच्या अंगाला दोर लागला नव्हता, आणि आता जाताना लागणार होता. मी म्हटलं, "अजून थोडा वेळ थांब रे बाबा."

"थोडा म्हणजे किती?"

आता ते आम्हाला तरी कुठं माहीत होतं! ते कॅसेटमध्ये नवरीच्या खाली गेलेलं.

कांबळे अर्धी रजा टाकून आले होते, ऑफिसच्या इस्त्रीच्या कपड्यात. सगळ्यांनी प्रयत्न केले, त्यांनी केला नाही. जयंतीभाईंनी नजरेनंच विचारलं, तर म्हणाले, "माझं राहू द्या. माझ्यानं उगाच वेळ जाईल." त्यांनी गवताचा भारा उचलला. टेम्पोत पत्रा आहे, घोडीचा पाय घसरेल, म्हणून आत पसरायला घेऊन गेले. एकटेच वाकून गवत पसरत अगदी केबिनच्या पत्र्यापर्यंत गेले. गवत संपलं. तरी ते परत फिरले नाहीत. पत्र्याकडं तोंड करून तसेच उभे राहिले. खिशातून रुमाल काढलेला दिसला.

मैना माझ्याजवळ होती. तिनं मान वर केली. माझ्या खांद्यावरून तिची हनुवटी उठली.

एक पाय फळीवर ठेवला. थांबली. मग दुसरा.

टेम्पोवाल्यानं तोंड उघडलं, तसा म्हात्रेदादांनी त्याच्या तोंडावर पंजाच ठेवला. जयंतीभाईंनी डोक्यावरची टोपी काढून दोन्ही हातांनी छातीशी धरली. फळी करकरली. आतल्या पत्र्यावर टाप वाजली. मग गवतावरून नुसता सळसळ आवाज. मैना सावकाश चालत गेली आणि कांबळ्यांच्या पाठीशी जाऊन थांबली. मान खाली केली. त्यांच्या कॉलरवर नाक टेकलं.

कांबळ्यांचा रुमाल डोळ्यांपाशीच थांबला. ते हलले नाहीत. मान वळवली नाही.

आम्ही खाली उभे.

बऱ्याच वेळानं पत्र्याकडं बघतच ते म्हणाले, "मावशी, खरं सांगा. म्हैस आहे ना?"