सुख : दहापैकी दहा

नाव : श्रीमती कुंदा रणदिवे. वय : एकोणसत्तर. निवास : मुलुंड पूर्व, पाचवा म्हणजे शेवटचा मजला. वाहन नाही. विमानप्रवास नाही. एसी नाही. कार्बन पदचिन्ह : सोसायटीत सर्वांत कमी. सुख : दहापैकी दहा.

हा शेवटचा आकडा फेब्रुवारीतला. हरित समितीची गार्गी फॉर्म घेऊन आली, तेव्हा कुंदाताईंनी आधी तिच्यापुढे चहा आणि चिवडा ठेवला. घरी आलेल्या माणसापाशी रडगाणं गायचं नसतं, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. किती सुखी आहात, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, "दहा लिही गं. आणि चिवडा संपव."

त्यावरून समितीचा अध्यक्ष मुकुल याने कमी कार्बन म्हणजे जास्त सुख, असा निष्कर्ष काढला आणि कुंदाताईंना आदर्श रहिवासी जाहीर केलं.

एप्रिलमध्ये वरची गच्ची तापली, झोप उडाली, आणि आदर्श रहिवाशाने एसी बसवायला सोसायटीची परवानगी मागितली. रविवारी मुकुल स्वतः वर आला. हरित स्पर्धेचे परीक्षक जूनमध्ये येणार. तुम्हीच एसी लावलात तर आपली वाट लागेल, असं त्याने नम्रपणे सांगितलं. तोही घरी आलेला माणूस. कुंदाताई बरं म्हणाल्या आणि त्याला सरबत दिलं.

सोमवारी दुपारी दीडला त्या उशी घेऊन दुसऱ्या मजल्यावर मुकुलच्या दारात उभ्या राहिल्या. मुकुल घरूनच काम करतो. त्याच्या हॉलमधला एसी सकाळी दहालाच सुरू होतो.

"तुझा चालूच आहे ना रे? मग मी इथे आडवी झाले म्हणून कार्बन काही वाढत नाही."

हे गणित समितीच्या तक्त्यात चोख बसत होतं. मुकुलने सोफा रिकामा केला. कुंदाताई साडेचारपर्यंत मोठ्याने घोरत झोपल्या आणि जाताना तेवीस जरा गार होतं, पंचवीसवर ठेव, असं सुचवून गेल्या. मंगळवारी पुन्हा आल्या. बुधवारच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मुकुलच्या साहेबांनी, कुठे बांधकाम चालू आहे का, अशी चौकशी केली. गुरुवारी कुंदाताईंनी चादर आणली आणि जाताना ती घडी घालून तिथेच ठेवली.

चादर बघून मुकुलची बायको शीतल शांतपणे म्हणाली, "एक तर त्यांना परवानगी दे, नाहीतर रेशन कार्डावर त्यांचं नाव घाल."

परवानगी शुक्रवारी सकाळी मिळाली. शनिवारपासून पाचव्या मजल्यावर दीड टनाचा एसी चालतो, आणि कुंदाताई दुपारी आपल्या घरी झोपतात.