फियाटचे आठ बोल्ट

आमचे अण्णा एस.टी.च्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. बोल्ट चांगला की बोगस, हे ते कानानं ओळखायचे. दारातल्या शहाबादी फरशीवर वीतभर उंचीवरून बोल्ट सोडायचा. टण्ण वाजला तर ठेवायचा, थप्प वाजला तर "नरम हाय" म्हणून परत. त्यांच्या त्या कानानं माझी सात वर्षं खाल्ली.

घरी एक जुनी फियाट होती. भूकंपाच्या आठच दिवस आधी अण्णांनी तिचं इंजिन खोललं होतं. कनेक्टिंग रॉडचे आठही बोल्ट ताणून मानेत बारीक झालेले निघाले. पिस्टनच्या दांड्याला खाली क्रँकशी धरून ठेवतात ते हे बोल्ट. पळत्या गाडीत त्यातला एक तुटला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून नवे आणायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात जमीन हादरली.

आईचं माहेर किल्लारीकडचं. तिथं तिची आई एकटीच राहायची. मी तेव्हा टायफॉईडनं फणफणलो होतो, म्हणून आई माझ्या उशाशी अडकली आणि अण्णा एकटेच ट्रकात उभे राहून गेले. चौथ्या दिवशी परत आले. अंगावर तेच कपडे, मातीनं पांढरे झालेले. आईनं एवढंच विचारलं, "अग्नी कुणी दिला?"

"मी दिला. एकटीला, नीट. गावाच्या खालच्या अंगाला, बाभळीखाली."

"मला ती जागा दाखवा."

"दाखवतो की. गाडी होऊ दे, गाडीनंच नेतो."

त्या एका वाक्यावर आई जगायला लागली. तिला तिथं एकदा डोकं टेकवायचं होतं, बाकी काही नको होतं. मी म्हणायचो, चल, एस.टी.नं जाऊ. पण जुनं गाव उठून नव्या जागी गेलेलं. तिथं मागं राहिलेली नेमकी जागा अण्णांशिवाय कुणाला माहीत? आणि अण्णा म्हणायचे, गाडीनंच. मग बोल्ट शोधायची पाळी माझी.

मी आधी लातूर पालथं घातलं. गंजगोलाईच्या आसपास कुठं काय मिळेल ते आणायचो. अण्णा ते फरशीवर सोडायचे. "नरम हाय." कधी जीपचे मिळायचे, दिसायला जुळे भाऊ, पण फियाटचे आटे मिलिमीटरचे आणि ह्यांचे इंचाचे. नट दोन फेरे जायचा आणि अडकून बसायचा. एका लेथवाल्यानं नवे करून दिले, तर अण्णा त्याच्यावरच खवळले. "ह्याचा कडीकोयंडा कर म्हणावं!"

तोवर शहरात क्लासेसचं पेव फुटलं. मीही त्यातलाच, अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायचो. ज्या दुकानातून मी गॅस्केट आणायचो तिथं झेरॉक्सचं मशीन आलं. गॅरेजांच्या रांगेत मुलींची होस्टेलं आणि मेस उभ्या राहिल्या. जुन्या गाडीचा सुटा भाग विचारला की दुकानदार हसायचे, "सर, आता इथं फक्त नोट्स मिळतात." वर्गात शंभर पोरांना मी धातूवरचा ताण शिकवायचो आणि घरी आठ बोल्ट आणू शकत नव्हतो. लाज वाटायची हो. दर दिवाळीला आई विचारायची, "मिळाले का रे?" न चिडता विचारायची, तेच जास्त लागायचं.

भूकंपाला सात वर्षं झाली त्या हिवाळ्यात मी जुना बोल्ट आणि नट रुमालात बांधून नांदेड गाठलं. अहमदपूर, लोहा करत एस.टी.नं हाडं खिळखिळी केली. देगलूर नाक्याच्या बाजूला दिवसभर फिरलो. चार वाजता एका म्हाताऱ्या दुकानदारानं माझा बोल्ट चष्म्याजवळ धरला, शिडी लावली आणि वरच्या फळीवरून पत्र्याचा डबा काढला. ग्रीस लावलेल्या पिवळ्या कागदात आठ बोल्ट, आठ नट. "अब्बा के जमाने का माल है, सर. अब कौन पूछता?" त्याचे पाय धरावेसे वाटले. परतीच्या गाडीत ती पुडी मी मांडीवर धरून बसलो आणि मनातल्या मनात आईला चार वेळा सांगून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मंदिरात गेली होती. अण्णा ओट्यावर बसले होते. मी पुडी उघडली. त्यांनी एक बोल्ट उचलला आणि सोडला.

टण्ण.

असा आवाज त्या फरशीनं सात वर्षांत ऐकला नव्हता. अण्णांनी तो उचलून माझ्या हातात दिला. "नरम हाय."

माझं डोकंच फिरलं. "नरम? अण्णा, कान फुटलेत का तुमचे?" बापाला असं मी कधीच बोललो नव्हतो. रुमालातला जुना नट काढला, त्या बोल्टावर ठेवला आणि बोटानं फिरवला. तो लोण्यासारखा मुळापर्यंत गेला. "हे बघा! आता काय चालत न्हाई ते तरी सांगा!"

अण्णांनी बघितलं नाही. फरशीकडं बघतच म्हणाले, "मी पोचलो तवा समदं झालतं रे. एकाच ढिगात कितीतरी जणांना अग्नी दिलेला. म्हातारी त्यात होती का मातीखालीच राहिली, ते बी मला न्हाई ठाऊक. हिनं विचारलं अन् तोंडातून निघून गेलं. आता कुठली जागा दाखवू तिला?"

 माझा राग कुठल्या कुठं गेला आणि त्याच्या जागी नुसती भीती वाटायला लागली. अण्णा म्हणाले, "तू सांग तिला. तुझ्यावर विश्वास हाय तिचा."

आणि मी सांगितलं. आई प्रसाद घेऊन आली, तिच्या तोंडाकडं न बघता मी म्हणालो, "नाही मिळाले."

"लई वणवण केलीस लेकरा," ती म्हणाली. "पुढच्या साली मिळतील. जेव आधी." ती भाकरी मी कशी गिळली, माझं मला माहीत.

दोन दिवसांनी मी आत पेपर तपासत होतो. आई बाहेर कपडे धुवायला बसली होती. आणि दारातून आवाज आला, टण्ण.  त्या सकाळी हातातला तो बोल्ट रागाच्या भरात मी सदऱ्याच्या खिशात कोंबला होता आणि विसरलो होतो. आई ओल्या हातानं आत आली, बोल्ट पदरानं पुसला आणि माझ्या पेपरांवर ठेवला. "खिशात राहिला होता," म्हणाली आणि परत धुणं धुवायला गेली.

त्यानंतर तिनं गाडीचं नाव काढलं नाही. दिवाळीला नाही, कधीच नाही. तिच्यासमोर बसून खरं सांगावं असं मला शंभरदा वाटलं, पण माझी जीभ उचलली नाही. ती आणखी चार वर्षं जगली. त्या चार वर्षांबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

तिच्या अस्थी गोदावरीत सोडून आलो, त्यातली मूठभर राख अण्णांनी मागं ठेवली होती. दुसऱ्या दिवसापासून ते इंजिनाला भिडले. नांदेडचे तेच आठ बोल्ट बसवले, टॉर्कच्या पान्यानं एकेक मोजून आवळला. आठवड्यात गाडी सुरू झाली.

जुन्या गावाच्या जागी आम्ही पोचलो तर घर नाही, वाट नाही, नुसती बाभळच बाभळ माजलेली. अण्णा राखेची पुरचुंडी छातीशी धरून काट्यांतून बराच वेळ फिरले. मग एका झाडापाशी थांबले, चपला काढल्या आणि पुरचुंडीकडं बघत म्हणाले, "हितंच बघ. हितंच दिला होता."

ते झाड चार-पाच वर्षांचंही नव्हतं.

 मी खाली बसलो आणि हातानं माती उकरायला लागलो.